रुपेरी ठेवा

दिवाळीच्या सुटीतील दुपार होती. घरात नातवंडांचा मेळा जमला होता. आजोबांनी सर्वांना हाका मारून बोलावले, खिडक्या लावून खोलीत अंधार केला आणि मोठ्या हौसेने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘संत तुकाराम’ हा चित्रपट लावला. त्यांनी तो प्रथम पाहिला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. गावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू ठोकला होता. वडिलांनी जमिनीवर बसण्याचे तिकीट काढून त्यांना आपल्याजवळ बसवून घेतले होते. त्या रात्रीचा आनंद ते कधीच विसरले नव्हते. तोच आनंद नातवंडांच्या पदरात घालावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

दहा मिनिटे झाली. धाकटा नातू चुळबुळ करू लागला. “आजोबा, यात रंग का नाहीत? टीव्ही बिघडला आहे का?” त्याने विचारले. “आणि सगळे किती सावकाश चालते!” थोरली नात म्हणाली. “थांबा, आता पुढे पाहा काय गंमत आहे ती!” असे आजोबा पुनःपुन्हा सांगत राहिले. पण ती गंमत येण्यापूर्वीच एकेक करून मुले उठून गेली. अर्ध्या तासाने खोलीत आजोबा आणि तुकाराम महाराज असे दोघेच उरले.

असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात. वडीलधाऱ्यांना वाटते की, मुलांना चांगल्याची पारख उरली नाही. मुलांना वाटते की, जुने ते सारे कंटाळवाणे. वस्तुतः दोघांचेही चुकते. नातवाने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. आजोबांनी त्याचे उत्तर दिले असते, तर कदाचित ती दुपार निराळी झाली असती.

जुन्या चित्रपटांत रंग का नसत, हे समजण्यासाठी चित्रपट कसा तयार होत असे ते पाहिले पाहिजे. चित्रपटाची फीत म्हणजे एक लांबच लांब पारदर्शक पट्टी. तिच्यावर ओळीने एकापुढे एक स्थिर छायाचित्रे असतात. बोलपटात दर सेकंदाला अशी २४ चित्रे पडद्यावर येतात आणि जातात. ती इतक्या वेगाने बदलत असल्यामुळे पाहणाऱ्यास ती हलल्याचा भास होतो. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजेच दोन तासांच्या बोलपटात १,७२,८०० चित्रे असतात आणि त्याची फीत १०,८०० फूट, सुमारे ३.३ किलोमीटर लांब भरते.

या पट्टीवर चांदीच्या क्षारांचा पातळ लेप असे. कॅमेऱ्यातून प्रकाश आत आला की, तो जेथे अधिक पडे तेथील क्षारांत अधिक बदल होई. पुढे रसायनात फीत धुतली म्हणजे त्या जागी शुद्ध चांदीचे बारीक कण उरत आणि ते काळे दिसत. अशा उलट प्रतीवरून पुन्हा सुलट प्रत काढली जाई. तुकोबांच्या चेहऱ्यावरची सावली किंवा नदीच्या पाण्यावरची चमक ही अशी चांदीच्या कणांनी रेखाटलेली आहे. या चित्रांना रुपेरी म्हणणे ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे.

चांदीच्या क्षारांना प्रकाश किती आहे हे कळे. तो कोणत्या रंगाचा आहे हे कळत नसे. मूकपटांच्या काळातील फितीला तर तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल लुगडे काळे दिसे आणि निळे आकाश पांढरे. म्हणून नटांची रंगभूषा आणि वस्त्रे प्रत्यक्षात कशी दिसतात यापेक्षा पडद्यावर कशी उमटतील, याचा विचार करून ती निवडावी लागत. पुढे सर्व रंगांचा उजेड ओळखणारी फीत आली, तरी रंग मात्र उमटत नसत.

रंग आणण्याची खटपट कोणी केली नाही असे नव्हे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट जर्मनीत प्रक्रिया करून रंगीत काढला. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३७ साली मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या कंपनीने ‘किसान कन्या’ हा रंगीत हिंदी चित्रपट तयार केला. तथापि रंगीत फीत फार महाग पडे. त्यामुळे १९६० नंतरही कित्येक वर्षे काळेपांढरे चित्रपट निघतच राहिले.

पण रंग नसणे ही केवळ अडचण होती काय? कुशल कलावंताने या अडचणीचेच सामर्थ्य केले. प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्याचे दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या वराशी लावले जाते. ती रडत बसत नाही. हा अन्याय मान्य करण्यास ती ठामपणे नकार देते. नीरेची ही भूमिका शांता आपटे यांनी आणि वृद्ध पतीची भूमिका केशवराव दाते यांनी केली. चित्रपटाचे नावच ‘कुंकू’. परंतु पडद्यावर ते कुंकू तांबडे दिसत नाही, गडद काळे दिसते. तरीही नीरेच्या कपाळाकडे पाहताना कोणाही प्रेक्षकाच्या मनात तांबडाच रंग उभा राहतो. या चित्रपटास पार्श्वसंगीतही नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, पावलांचा आवाज असे नित्याचे ध्वनीच त्यात ऐकू येतात. जे पडद्यावर नाही ते प्रेक्षकाने आपल्या मनाने भरून काढावे, अशी ही कला आहे. गोष्ट ऐकताना ऐकणारा मनात चित्र रंगवतो, तसेच हे आहे.

म्हणूनच असे म्हणावे लागते की, चित्रपट फितीवर अर्धाच असतो. उरलेला अर्धा तो पाहणाऱ्याच्या मनात घडतो. ही दोन्ही अर्धुके टिकली तरच चित्रपट टिकला.

यातील पहिले अर्धुक, म्हणजे फीत, किती नाजूक असते याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. भारतातील पहिला कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी काढला. १९१२ साली त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा आणला. प्रथम त्यांनी चित्रण केले ते राजाचे नव्हे, तर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे! दररोज थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी रोपाची अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत घडवून दाखवली. ती पाहून लोक थक्क झाले आणि भांडवल मिळाले. कोऱ्या फितीच्या कडेला छिद्रे पाडणे, फीत धुणे अशी कष्टाची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. तारामतीचे काम करण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या पुरुष नटाने ते केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा मूकपट लोकांसाठी झळकला.

आज तो संपूर्ण उपलब्ध नाही. त्याचा काही भागच उरला आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात दाखवलेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. तो पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती. त्याची तर एकही प्रत आज कोठे सापडत नाही. त्याची छायाचित्रे व जाहिराती पाहता येतात. चित्रपट पाहता येत नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात शेकडो चित्रपट निघाले. त्यांतील फारच थोडे आता शिल्लक आहेत.

इतके चित्रपट गेले कोठे? याची कारणे तीन. पहिले कारण फितीतच दडलेले होते. जुनी फीत नायट्रेट नावाच्या पदार्थापासून बनवीत. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असतो. त्याला जळण्यास बाहेरची हवा लागत नाही. पाण्यात बुडवूनही तो विझत नाही. आग लागली नाही तरी दमट व उष्ण हवेत ही फीत आपोआप सडते, चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. दुसरे कारण तिच्यातील चांदी. चित्रपटाचे दिवस सरले, त्याला प्रेक्षक येईनासे झाले की, त्याच्या फिती भंगारात विकल्या जात आणि त्या धुऊन चांदी काढून घेतली जाई. तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुःखद: जपून ठेवावे असे कोणास वाटलेच नाही. कालचा चित्रपट म्हणजे कालचे वर्तमानपत्र, असे लोक मानीत.

ही हानी थांबावी म्हणून १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांनी आपले आयुष्य या कामाला वाहिले. गावोगाव हिंडून, गोदामे व माळे शोधून त्यांनी जुन्या फिती गोळा केल्या. फाळके यांच्या चित्रपटांचे जे अंश आज पाहावयास मिळतात, त्यांचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते. १९९१ साली ते निवृत्त झाले आणि २०१६ साली त्यांचे निधन झाले.

अशी काळजी घेऊनही संकट टळतेच असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी मूळ फिती भस्मसात झाल्या. त्यांतील काही चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच उतरवून घेतल्या होत्या, म्हणून ते वाचले. परदेशातही असेच घडले. बंगालचे थोर दिग्दर्शक सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या मूळ फिती लंडनमध्ये होत्या. १९९३ साली तेथे आग लागली आणि १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ फीत होरपळून वाकडीतिकडी झाली. पण ती फेकून दिली गेली नाही. पुढे इटलीतील बोलोन्या येथील कारागिरांनी तिच्या ठिसूळ तुकड्यांना हळुवारपणे पुन्हा लवचीक केले, फाटलेल्या कडा जोडल्या आणि जे भाग वाचले नव्हते ते इतर प्रतींवरून घेतले. २०१५ साली तो चित्रपट नव्या तेजाने पडद्यावर आला. पांढऱ्याशुभ्र काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा ही भावंडे आगगाडी पाहण्यासाठी धावतात आणि आगगाडीच्या काळ्या धुराचा लोट आकाशात पसरतो, हे दृश्य आज पाहता येते ते या कारागिरांच्या कष्टांमुळे.

फीत अशी वाचली. पण दुसऱ्या अर्धुकाचे काय? कोठारात नीट जपलेला, परंतु कोणीच न पाहिलेला चित्रपट हा कपाटात बंद करून ठेवलेल्या वीणेसारखा असतो. वीणा शाबूत असते, पण सूर हरपलेला असतो. ज्यांनी हे चित्रपट तंबूत किंवा चित्रगृहात पाहिले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या डोळ्यांतील आनंद पुढील पिढीच्या डोळ्यांत उतरला नाही, तर फीत असूनही चित्रपट हरवेल. ही जोखीम कोणत्याही संग्रहालयाला एकट्याने पेलता येणार नाही. ते काम घराघरांत आणि शाळाशाळांतच व्हावयास हवे.

ते कसे व्हावे? प्रथम मोठ्यांनी थोडे शहाणपण दाखवावे. ‘आमच्या वेळी असे होते’ अशा व्याख्यानाने कोणाचेही मन जिंकता येत नाही. चित्रपट लावण्यापूर्वी तो कोणी, केव्हा व कोणत्या अडचणींतून काढला, याची छोटीशी गोष्ट सांगावी. आरंभीच तीन तासांचा चित्रपट न लावता लहानसा निवडावा. मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तर रागावू नये; चित्रपट थांबवून उत्तर द्यावे. मुलांनीही थोडा धीर धरावा. डोळ्यांना सावलीची सवय होण्यास जसा थोडा वेळ लागतो, तसा या चित्रांची सवय होण्यासही लागतो. पहिली दहा मिनिटे निघून गेली की, रंग नाहीत याचाच विसर पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जुने ते सारेच सोने नसते. जुन्या चित्रपटांतही भडक अभिनय आढळतो, लांबलेली दृश्ये आढळतात आणि आज न पटणारे विचारही आढळतात. ते न पटल्याचे मुलांनी मोकळेपणाने सांगावे आणि मोठ्यांनी ते ऐकून घ्यावे. आंधळ्या कौतुकापेक्षा डोळस पारख हीच वारशाची खरी राखण होय.

असे पाहू लागल्यावर किती विविध जग पुढे उभे राहते! १९४१ सालच्या ‘शेजारी’ या चित्रपटात हिंदू आणि मुसलमान अशा दोन जिवलग शेजाऱ्यांची मैत्री लोभी माणसांच्या कारस्थानाने कशी तुटते, ते दिसते. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला आहे. पोहायला घाबरणारा श्याम आणि त्याचा भित्रेपणा घालवण्यासाठी कठोर होणारी आई यांना पाहताना कोणाला आपली आई आठवणार नाही? १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथम देण्यात आले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले.

दिवाळीच्या सुटीत हिरमुसलेल्या त्या आजोबांनी हार मानली नाही. मे महिन्याच्या सुटीत नातवंडे पुन्हा आली, तेव्हा त्यांनी निराळा उपाय केला. रात्री अंगणात गप्पा चालल्या असता ते सहज म्हणाले, “एकदा एका बापाला कृष्णाचे काम करण्यासाठी मूल हवे होते. त्याने कोणाला निवडले असेल?” मुलांनी पुष्कळ तर्क केले. मग आजोबांनी सांगितले की, तो बाप म्हणजे दादासाहेब फाळके आणि तो कृष्ण म्हणजे त्यांचीच लहानगी मुलगी मंदाकिनी. झाले, मुलांना ती मंदाकिनी पाहावीशी वाटू लागली! दुसऱ्या दिवशी त्यांनी १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचा उरलेला भाग पाहिला. आरंभीच मंदाकिनी चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, ते पाहून मुले खदखदून हसली आणि तसे भाव आपल्याही चेहऱ्यावर आणू लागली. संगणक नसताना पाण्यातला तो नाग कसा केला असेल, यावर त्यांचा बराच वाद झाला. या वेळी रंगांविषयी कोणीच विचारले नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी नातच म्हणाली, “आजोबा, तो तुकारामांचा चित्रपट पुन्हा लावाल का?”

दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला तो चित्रपट या वेळी मुलांनी शेवटपर्यंत पाहिला. पुढच्याच वर्षी इटलीतील व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, हे आजोबांनी आधीच सांगून ठेवले होते. विष्णुपंत पागनीस यांचा शांत, तल्लीन चेहरा मुलांना आवडला. पण त्यांना खरी भावली ती गौरी यांनी साकारलेली जिजाई. पोर आजारी पडल्यावर प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली ती फणकारी, कष्टाळू बाई पाहून नातू म्हणाला, “ही तर आपल्या आजीसारखीच आहे!” आजीसुद्धा हसली.

चित्रपट संपला. सारे उठले. नात मात्र क्षणभर विचारात पडली. मग ती म्हणाली, “आजोबा, जिजाई भांडत असते तेव्हासुद्धा काही ना काही काम करीतच असते. तिला नुसते बसायला वेळच नाही. म्हणून तिचा राग खरा वाटतो ना?”

आजोबा चकित झाले. त्यांनी हा चित्रपट जत्रेच्या तंबूत पाहिला होता, पुढेही अनेकदा पाहिला होता. त्यांचे लक्ष नेहमी तुकोबांकडे असे. जिजाईच्या हातांकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. “मला पुन्हा एकदा दाखव बरे ते,” ते नातीला म्हणाले.

आणि मग नात आजोबांना चित्रपट दाखवू लागली.